'म्हणतील' आणि 'म्हणाल्या'

प्रश्न

आदरणीय बाई, सादर नमस्कार.

मी ३६ वर्षांची आहे. बडोद्यात मांजलपूरला राहते, एका खासगी शाळेत सातवी-आठवीला गणित शिकवते. घरी हे, अकरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंना मधुमेह आहे. त्यांना सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन मीच देते.

कॉलेजात असताना एनसीसीतून खडक चढण्याच्या एका शिबिराला गेले होते. त्या सात दिवसांनंतर पुन्हा कधी दोराला हात लावला नाही, पण ते दिवस मनातून गेलेही नाहीत. गेल्या वर्षी उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंगच्या बेसिक कोर्ससाठी गुपचूप अर्ज केला. आता सप्टेंबर-ऑक्टोबरच्या तुकडीत जागा मिळाली आहे. २८ दिवसांचा कोर्स, त्यात सगळं नवरात्र जातं. कोर्सला वयाची अट असते आणि मी तिच्या काठाशी येत चालले आहे, म्हणून पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी असं करत बसता येणार नाही.

घरी फक्त यांना सांगितलंय. ते म्हणाले, "तुझं तू बघ." सासूबाईंना सांगायचा धीर होत नाही. घट कोण बसवणार, असं म्हणतील. जाऊबाई म्हणतील, आम्हाला बाई असलं कधी सुचलं नाही. शाळेत म्हणतील, हिला घरी काही काम नाही वाटतं. शेजारच्या गुजराती काकी मनानं चांगल्या आहेत, पण कुठल्याही गोष्टीत आधी 'लोको शुं कहेशे' विचारतात. मी पहाटे साडेचारला लालबागेच्या रस्त्यावर पळायला जाते आणि उजाडायच्या आत परत येते. मुलांच्या पालकांपैकी कुणी पाहिलं तर काय म्हणतील!

बर्फाची, उंचीची मला भीती नाही. लोकांच्या तोंडाची आहे. कधी वाटतं, शाळेचं प्रशिक्षण आहे असं सांगून सरळ निघून जावं आणि परत आल्यावर फोटो दाखवावेत. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

— एक वाचक, मांजलपूर

(पत्र चार पानांचं होतं. जागेअभावी थोडक्यात दिलं आहे.)

उत्तर

माझ्या मुलापेक्षाही तू लहान आहेस, म्हणून 'तू' म्हणते. तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. चौथ्या वेळी हातात पेन्सिल घेतली आणि 'म्हणतील' हा शब्द जिथे जिथे आला तिथे खूण केली. चार पानांत सतरा खुणा झाल्या. 'म्हणाले' एकदाच आलं, तेही तुझ्या नवऱ्याचं. बाकीची सगळी माणसं तुझ्या पत्रात पुढे कधीतरी बोलणार आहेत. अजून त्यांच्यातलं कुणी काही बोललेलं नाही.

तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. मी चव्वेचाळीस वर्षं दांडिया बाजारात काढली आहेत. इथला मराठी गोतावळा लहान आणि घट्ट आहे. सकाळी आमच्याकडे ठरलेलं लग्न संध्याकाळपर्यंत कारेलीबागेत कळलेलं असतं. लोक बोलतात. तुझ्याबद्दलही बोलतील.

पण आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, कारण पत्रातलं तेच वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. शाळेचं प्रशिक्षण आहे असं सांगून जाऊ नकोस. तुझ्या जागी मी काय केलं असतं असं विचारतेस ना? मी तेच केलं होतं.

१९८८ साल. मी ३१ वर्षांची होते, शाळेत पीटी शिकवायचे. मुलगा पाच वर्षांचा. आबूला खडक चढण्याचं दहा दिवसांचं शिबिर आहे असं कळलं आणि मला रात्र रात्र झोप येईना. सासूबाईंना विचारायचं कसं, यात चार महिने गेले. शेवटी मी सांगितलं, पीटीच्या शिक्षकांचं प्रशिक्षण आहे, अहमदाबादला. त्यांनी वाटेसाठी दशम्या करून दिल्या. अहमदाबादला गाडी बदलली, तेव्हाच्या मीटरगेजनं आबूरोडला उतरले. शिबिराच्या फॉर्मवर 'अडचणीत कुणाला कळवायचं' असा रकाना होता. तिथे मी घरचा पत्ता न देता मैत्रिणीचा दिला. लिहिताना मला आपण फार हुशारी केली असं वाटलं होतं. आज त्या रकान्याची आठवण झाली की पोटात गोळा येतो. मला काही झालं असतं तर माझ्या पाच वर्षांच्या मुलाच्या घरी ते कळायला किती वेळ लागला असता?

तिसऱ्या दिवशी उजवं मनगट मुरगळलं. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सरांनी विश्रांती दिली असती, कदाचित घरी पाठवलं असतं, आणि प्रशिक्षण अर्धवट टाकून का आलीस याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. रात्री रुमाल करकचून बांधायचा, सकाळी सोडायचा, असं दोन दिवस चालवलं. पाचव्या दिवशी एका उभ्या खडकावर त्या हातानं दगा दिला. मी लोलकासारखी झोके खात गेले. खाली बिले देणाऱ्या, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणाऱ्या मुलीनं तो पक्का धरला होता, म्हणून खाली पडले नाही. पण आबूचा ग्रॅनाइट कानशीसारखा खरखरीत असतो. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलून निघाली.

घरी आल्यावर सासूबाईंनी हात पाहिला. "कुठं पडलीस?" "जिन्यात." त्यांनी जखम धुतली, हळद-तेल लावलं. आठवड्याभरानं खंडेराव मार्केटात त्यांना वाड्यातल्याच एकीचा भाऊ भेटला. तो आबूला फिरायला गेला होता आणि त्यानं मला नक्की तलावाजवळ पाहिलं होतं. सासूबाई भाजी घेऊन घरी आल्या, पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "मला नाही म्हणायची तरी संधी द्यायची होतीस."

पुढे त्यांनी तो विषय काढला नाही. पण त्यानंतर मी कुठेही निघाले, अगदी माहेरी निघाले, तरी त्या विचारायच्या, "नक्की कुठं?" २००२ साली त्या गेल्या. तोवर चौदा वर्षं हा प्रश्न घरात राहिला. खरं सांगितलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या, हे मला आजही माहीत नाही. 'नाही' म्हणाल्या असत्या, किंवा त्याच दशम्या केल्या असत्या. त्यांचं उत्तर मी त्यांच्याऐवजी स्वतःच लिहून टाकलं होतं.

आणि वाड्यातले लोक? बोलले. बाईमाणसानं पँट घालून दोराला लटकायचं म्हणजे काय, इथपासून सगळं बोलून झालं. गणपतीपर्यंत चाललं. मग दुसरा विषय निघाला.

तू लिहितेस, बर्फाची भीती नाही, लोकांची आहे. मला वाटतं, ही दुसरी भीती तुझ्या सॅकमध्ये बसून वर येईल, आणि धोका तिथे आहे. बडोदं समुद्रसपाटीपासून चाळीसएक मीटरवर. उत्तरकाशी साधारण ११५० मीटरवर. आणि बर्फाचं शिक्षण होतं तिथले तंबू साडेतीन हजार मीटरच्या पुढे. अडीच हजारांच्या वर गेलं की विरळ हवेची सवय व्हायला शरीराला वेळ लागतो. डोकं दुखणं, मळमळ, अन्न नकोसं होणं, झोप न येणं, ही पहिली लक्षणं. रोज पळणाऱ्यालाही हे होतं, मॅरेथॉन धावणाऱ्यालाही होतं. दमसास चांगला असण्याचा याच्याशी फारसा संबंध नाही. म्हणूनच तीन हजारांच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा दंडक आहे, आणि लक्षणं दिसली की आणखी वर जायचं नसतं. बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना, पावलं लटपटली किंवा बोलण्यात गोंधळ झाला, तर वाट न पाहता खाली उतरायचं असतं.

आता विचार कर. 'काही होत नाही, मी ठीक आहे' असं वर कोण सांगतं? जिला परत जायची लाज वाटते ती. घरी खोटं सांगून आलेली, किंवा 'तुम्हाला करूनच दाखवते' असं सांगून आलेली. मी मनगट का लपवलं ते आत्ताच वाचलंस. माझ्या खाली चाळीस फूट होते आणि दोर होता. डोकेदुखी लपवणारीला कुठला दोर नाही. म्हणून घरातून निघताना बाराव्या दिवशी परत यायची मोकळीक बरोबर घेऊन नीघ. ती मोकळीक खरं सांगितल्यावरच मिळते.

'लोक' हा शब्द आता जरा सोडून देऊ. तुझ्या त्या सतरा 'म्हणतील'मधली माणसं मी वेगळी काढली. जाऊबाई, शेजारच्या काकी, पालक, शाळेतल्या सहकारी, माहेरचे नातेवाईक. तू २८ दिवस नसलीस तर यांच्यातल्या कुणाच्याही ताटातलं काही कमी होत नाही. त्यांना मत आहे, ते त्यांच्याकडे राहू दे. शाळेत मुख्याध्यापकांना बिनपगारी रजेचा खरा अर्ज दे आणि सातवी-आठवीचा किती अभ्यासक्रम आधी संपवणार ते त्यावर लिही.

तीन माणसं उरतात. सासूबाई, नवरा आणि मुलगा. या तिघांचा तुझ्यावर खरोखर हक्क आहे.

नवऱ्यापासून सुरुवात कर. 'तुझं तू बघ' याला तू होकार समजलीस, असं पत्रावरून दिसतं. मला तो होकार वाटत नाही. तो अजून या प्रश्नात शिरलेलाच नाही. त्याच्याशी भांडू नकोस, कागद घेऊन बस. इन्सुलिन कोण देणार? त्याच्या आईला आहे, त्यानं द्यायचं. पेनवर मात्रा कशी लावायची, सुई कधी बदलायची, पोटावर रोज जागा का बदलायची, देऊन झाल्यावर किती वेळात जेवण समोर यायला हवं, साखर एकदम उतरली तर काय होतं आणि पहिल्यांदा काय द्यायचं, हे त्यानं डॉक्टरांसमोर बसून शिकायचं. आणि ते तू निघायच्या आदल्या रात्री नाही, आजपासून. दोन महिने रोज संध्याकाळचं इन्सुलिन त्यानं द्यायचं, तू नुसतं पाहायचं. त्याचा हात बसला की सासूबाईंचीही भीती कमी होईल. त्या 'घट कोण बसवणार' म्हणतील असं तुला वाटतं. मला वाटतं, सुई कोण टोचणार हा प्रश्न त्यांच्या मनात आधी येईल, फक्त तो बोलून दाखवायला त्यांना संकोच वाटेल.

घटाचं म्हणशील तर, तू त्या घरात यायच्या आधी इतकी वर्षं तो कोण बसवत होतं? त्यांनाच विचार. माती, सप्तधान्य, रोजची माळ, यातलं तुझ्यापेक्षा त्यांना जास्त कळत असणार. वाकवत नसेल तर नातू हाताशी आहे. अकरा वर्षांच्या मुलाला रोज माळ चढवता येते.

त्या मुलाचा उल्लेख तुझ्या चार पानांत एकदाच आला, तोही वयापुरता. त्याला आई महिनाभर दिसणार नाही. वर गेल्यावर फोन लागेल असं धरून चालू नकोस, त्यालाही तसं सांगून ठेव. कुठे जाणार, काय शिकणार, हे त्याच्यासमोर नकाशा पसरून सांग. तुझ्या आनंदातला मोठा वाटा त्याच्याकडे जाईल, पण त्याला आधी माहीत तर असू दे.

आता सासूबाई. परवानगी मागायला जाऊ नकोस आणि निर्णय तोंडावर फेकायलाही जाऊ नकोस. दुपारचं जेवण झाल्यावर, दोघीच असताना, सरळ सांग: "आई, मला हे शिकायचं आहे. जागा मिळाली आहे. मी जायचं ठरवलं आहे. तुम्हाला काय वाटतं ते मला ऐकायचं आहे." आणि मग गप्प बस. हे सगळ्यात अवघड जाईल. बाई म्हणून आपल्याला समोरच्याची नाराजी दिसली की लगेच माघार घ्यायची किंवा लगेच समजावत सुटायची सवय असते. त्यांना बोलू दे, अगदी अर्धा तास बोलल्या तरी.

धोक्याबद्दल काही लपवू नकोस. ४ ऑक्टोबर २०२२ला द्रौपदी का डांडा-२ शिखरावर हिमकडा कोसळला आणि याच संस्थेची पुढच्या कोर्सची तुकडी त्यात सापडली. पंचवीसहून जास्त जीव गेले. त्यात प्रशिक्षक सविता कंसवालही होती. त्याच वर्षी मे महिन्यात तिनं एव्हरेस्ट आणि मकालू अशी दोन्ही शिखरं गाठली होती. तो अ‍ॅडव्हान्स कोर्स होता, तुझा बेसिक आहे. तरी डोंगर तेच आहेत. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर ही बातमी घरच्या ग्रुपवर टाकण्याआधी ती तुझ्या तोंडून घरी कळू दे. आणि खरं सांगू, तुझं 'मला बर्फाची भीती नाही' हे वाक्य मला आवडलं नाही. थोडी असू दे. ती भीती गाठ दोनदा तपासायला लावते.

आणखी एक सांगते. जमशेदपूरच्या प्रेमलता अग्रवाल तुझ्याच वयाच्या आसपास या वाटेला लागल्या. दोन मुलींची आई, परंपरा पाळणारं घर. २०११ साली, ४८व्या वर्षी त्यांनी एव्हरेस्ट गाठलं. बचेंद्री पाल त्यांच्या मार्गदर्शक होत्या. त्यांच्याबद्दल वाच, बळ येईल. पण ते नाव सासूबाईंसमोर पुरावा म्हणून ठेवू नकोस. त्यात 'मीही मोठी होऊन दाखवेन' असं एक कबूल केल्यासारखं होतं, आणि मग ते ओझं तुझ्याच पाठीवर बसतं. तुला एव्हरेस्ट चढायचं नाही. तुला २८ दिवस दोर, बर्फ आणि बर्फात वापरायची कुऱ्हाड शिकायची आहे. कोर्सच्या शेवटी श्रेणी मिळते. 'अ' मिळाली तर पुढच्या कोर्सचं दार उघडतं. नाही मिळाली तरी तू शिकलेलं असशीलच. तेवढ्यासाठी जाण्याचा तुला हक्क आहे.

आणि सासूबाई 'नाही' म्हणाल्या तर?

तर कारण विचार. कारण इन्सुलिनचं असेल तर वरचा कागद दाखव. काळजी असेल तर ती काळजी ऐकून घे, तिच्यावर उत्तर देऊ नकोस, नुसती ऐक. 'आमच्या घरात हे असलं झालं नाही' एवढंच कारण असेल, तर तेही ऐक, नमस्कार कर आणि जा. त्या रुसतील. रुसवा मी खूप पाहिला आहे, तो निवळतो. 'नक्की कुठं?' निवळत नाही.

तयारीचं थोडं, कारण तो माझा विषय आहे. नुसतं सपाट रस्त्यावर पळून भागणार नाही. दर रविवारी पावागढ गाठ, बडोद्याहून पन्नासएक किलोमीटर आहे. खालून पायऱ्यांनी चढ, रोपवे नको. पाठीवर सॅक, आधी पाच किलो, मग आठ, मग बारा. त्यात पाण्याच्या बाटल्या भर, म्हणजे उतरताना गुडघे बोलायला लागले तर पाणी ओतून वजन कमी करता येतं. कोर्सला न्यायचे बूट आत्तापासूनच पायात घालून वापर. नवे बूट घेऊन हिमालयात गेलेल्यांच्या टाचा मी पाहिल्या आहेत. एका रविवारी सासूबाईंना आणि मुलाला बरोबर ने. त्या दोघांना रोपवेनं महाकालीला पाठव, तू पायऱ्यांनी ये. घामानं निथळलेली सून पाठीवर ओझं घेऊन पायऱ्यांवरून येताना त्यांना दिसू दे. तू काय करायला निघाली आहेस, ते त्यांना त्या दिवशी माझ्या दहा पत्रांपेक्षा जास्त कळेल.

आणि पहाटे साडेचारचं पळणं बंद. अंधारात एकटीनं, मोकाट कुत्र्यांच्या रस्त्यावर पळण्यात शहाणपण नाही. सहा वाजता जा, उजेडात. पालक भेटले तर हात कर. कुणी विचारलं कशासाठी, तर सांग, उत्तरकाशीला जायचंय. पहिल्यांदा जीभ अडखळेल. चार जणांना सांगून झालं की तुलाच ते ऐकायची सवय होईल.

तिथल्या फॉर्मवर 'अडचणीत कुणाला कळवायचं' या रकान्यात घरचा नंबर लिही.

सासूबाईंशी बोललीस की मला पत्र लिही. त्या काय म्हणाल्या ते, त्यांच्याच शब्दांत. 'नाही' म्हणाल्या असतील तरीही.